मामा ऐकायला बसला

तंजावुरात गाणारे गल्लोगल्ली आहेत, वाजवणारे तर एकेका घरात दोन-दोन आहेत. पण ऐकणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो माझा सख्खा मामा. मामाला साधा सा लावता येत नाही. लग्न ठरवताना मामीच्या वडिलांनी विचारलं होतं, "गाता, वाजवता, काय करता?" मामाने खरं ते सांगितलं, "मी ऐकतों." जावई आज्ञाधारक मिळाला म्हणून मुलीकडची मंडळी खूश झाली. तो गैरसमज दूर व्हायला मामीला आठवडा पुरला.

कारण मामा संगीत ऐकायचा, माणसांचं नाही. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या त्याच्या घरी रोज सकाळी अर्धा तास एक राग लागे. आधी कॅसेटवर, पुढे मोबाइलवर. मामा चटईवर ताठ बसायचा. हातात पेपर नाही, कॉफी नाही, पाय हलवणं नाही. त्या अर्ध्या तासात गॅस संपो, पाहुणे येवोत, मामीने काहीही विचारो, तो एक बोट वर करायचा. ते बोट खाली येईपर्यंत पाहुणे उंबऱ्याबाहेर उभे. मी एकदा विचारलं, हा कसला सोवळेपणा? तेव्हा त्याने सांगितलं, की कॉलेजात असताना देवळातल्या एका कचेरीत, म्हणजे गाण्याच्या मैफलीत, तो शेजारच्या मित्राशी परीक्षेबद्दल बोलत बसला होता. अचानक सगळी सभा "आहा" म्हणाली. मामाने मान वर केली, तोवर ती जागा येऊन गेली होती. "मी तेथें बसलेला होतों रे, पण हजर नव्हतों," तो म्हणाला. "त्या दिवशीं ठरवलं. जेथें बसेन तेथें हजर राहीन."

हे ठरवणं गाण्यापुरतं राहिलं असतं तर घरच्यांना सोसलं असतं. पण मामा जेवताना फक्त जेवू लागला, चालताना फक्त चालू लागला. एका हॉटेलात डोसा समोर आला आणि वर स्पीकरवर कल्याणी रागातलं गाणं सुरू झालं, तर तो उठून गल्ल्याशी गेला आणि तमिळमध्ये अत्यंत नम्रपणे म्हणाला, "एक तर गाणं थांबवा, नाही तर डोसा परत घ्या. दोघांचा एकदम अपमान मला जमणार नाही." मालकाने गाणं थांबवलं. मी बाहेर येऊन तोंड लपवलं. तंजावुराजवळच्या ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत तो कारकून होता. रोजच्या बसमध्ये सिनेमाची गाणी मोठ्याने लागत, आणि गाणं आहे म्हटल्यावर मामाला ते ऐकावंच लागे. एकदा एका गाण्यातलं व्हायोलिन ऐकता ऐकता त्याचा थांबा गेला आणि तो पुढच्या गावाहून चालत कामावर पोचला. साहेब ओरडले. मामाने तेही पूर्ण लक्ष देऊन ऐकलं, त्यामुळे साहेबांनाच अवघडल्यासारखं झालं. पण त्याच्या खिडकीशी आलेल्या शेतकऱ्याला त्याच कामासाठी दुसऱ्यांदा यावं लागत नसे. मामा कागद बाजूला ठेवून आधी माणसाचं बोलणं संपू द्यायचा. रांग लांबायची, मागचे कुरकुरायचे, आणि आपला नंबर आला की तेही सावकाश बोलायचे.

लग्नात तर मामाला नेणं म्हणजे जोखीम. आमच्याकडे लग्नाला सनईसारखा नागस्वरम लागतोच, आणि तो कोणी ऐकत नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात म्हातारे नागस्वरवादक तोडी वाजवत होते आणि पाचशे माणसं साड्या, नोकऱ्या आणि गुडघे यांवर बोलत होती. मामाने एक खुर्ची उचलली, थेट वादकांच्या समोर ठेवली आणि डोळे मिटून बसला. म्हाताऱ्यांनी आधी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. मग त्यांनी हळूच बैठक सावरली, आणि पुढचे दोन-तीन तास ते त्या एका माणसासाठी वाजवत राहिले. मुहूर्ताला "मामा कोठें, मामा कोठें" अशी हाकाहाक झाली. अक्षता पडल्या, पंगत उठली. शेवटी मामी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "लग्न झालं. पायसमहि संपलं." मामाने डोळे उघडले. म्हातारे वादक पंच्याने डोळे टिपत होते. "ह्यांचं अजून संपलं नाही," मामा म्हणाला.

तीन वर्षांपूर्वी मामाच्या लक्षात आलं, की तंबुऱ्याची वरची तार ऐकू येत नाही. त्याला वाटलं, मोबाइल बिघडला. मोबाइल बदलला, मग दुसरा बदलला, मग मीच त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, की दोन्ही कान हळूहळू जात आहेत; यंत्राने बोलणं कळेल, पण गाणं पूर्वीसारखं ऐकू येणार नाही. मामाने एकच विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही, कदाचित वर्षभर बरं राहील. "सरी, बरं तर," मामा म्हणाला, आणि रस्त्यात ऑटो थांबवून एक वही विकत घेतली.

त्या वहीत त्याने यादी केली. मला वाटलं, सगळे राग असतील. पहिल्या पानावर होतेही: तोडी, भैरवी, सहाना. दुसऱ्या पानापासून माणसांची नावं होती. बहिणीचं, शाळेतल्या एका सोबत्याचं, ओरत्तनाडूच्या शिपायाचं आणि माझं. "राग मी पुष्कळ ऐकले," तो म्हणाला. "आपल्या माणसांना थांबा म्हणून बोट दाखवत आलों."

आणि मग मामा निघाला. सकाळी बसने, टाउन बसने, पायी, एकेका घरी जाऊन बसायचा. "तुमी बोला. मी ऐकायला आलों." लोक घाबरायचे. काहींना वाटलं, याचं डोकं फिरलं. शिपायाने चहा दिला, पेन्शनबद्दल बोलून झालं, आणि मग तो आपल्या गेलेल्या मुलीबद्दल दुपारपर्यंत बोलला. माझ्याकडे मामा एका रविवारी आला. मी मोबाइल बघत "हं, हं" करत होतो. तो रागावला नाही. "तुझं होऊं दे. मी थांबतों," म्हणाला आणि खरंच थांबला. मी मोबाइल ठेवला. समोर कोणी इतकं हजर असलं की आपल्याला खोटं बोलायचा कंटाळा येतो. धाकट्या भावाशी माझा दोन वर्षं अबोला होता. त्याचं कारण मी सगळ्यांना एक सांगत आलो होतो. मामाला खरं सांगितलं, चूक माझी होती. मामाने सल्ला दिला नाही. छत्री घेतली आणि गेला. संध्याकाळी मी कोइमतुरला भावाला फोन लावला. तो बोलत असताना मी दुसरं काहीही केलं नाही.

यादीतलं शेवटचं नाव मामीचं होतं. ते शेवटी का, हे मी विचारलं नाही. ती काय सांगेल याची त्याला भीती वाटली असावी. मामी स्वयंपाक करताना आपल्या आजीकडून आलेलं कसलंसं जुनं मराठी गाणं गुणगुणते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मामाला नव्हतं. मामा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसला. मामी दचकली. "काय झालं? कॉफी होणें कां?"

"नको. तू म्हण."

"काय म्हणूं?"

"जें म्हणतेस तें."

मामी लाजली. तीन दिवस तिच्या तोंडून सूर फुटेना. "तुम्ही असं बघत बसलां तर रसम नासेल," म्हणून तिने त्याला हाकलून पाहिलं. तो उठला नाही. चौथ्या दिवशी वांगी चिरता चिरता ती त्याला विसरली आणि गाऊ लागली. मी तेव्हा तिथे होतो. मामाने डोळे मिटले नाहीत. तिच्या पाठीकडे बघत तो गाणं संपेपर्यंत बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "हें रोज होत होतं?"

"रोज," मामी म्हणाली.

आता मामाच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. तोडी त्याला पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी ऐकू येते, म्हणून ती त्याने बंद केली आहे. सकाळचा अर्धा तास मात्र चुकत नाही. तो स्वयंपाकघराच्या दारात चटई टाकून ताठ बसतो. मामी त्याच्याकडे पाठ करून भाजी निवडते, आणि हल्ली जरा मोठ्याने गाते.