वर्गाबाहेर उभी असलेली

नेपरव्हिलच्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मी मोठ्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते. यंदा ते जुनं इटालियन पुस्तक काढलंय, एका शाळकरी मुलाच्या वर्षभराच्या रोजनिशीचं. चूक कबूल करणारी, दुसऱ्याची बाजू घेणारी मुलं त्यात पानोपानी भेटतात. वाचता वाचता माझी नजर दाराकडे जाते. बाहेर एक मुलगी उभी आहे असं वाटतं. हसा खुशाल, पण वाटतं!

सातवीत मी मॉनिटर होते. बाई बाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, पुन्हा बोललं की नावापुढे फुली मारायची. केवढा तोरा होता मला! एकदा नाव लिहायला वळले आणि माझा कोपर लागून बाईंच्या टेबलावरचा पृथ्वीगोल पडला, फुटला. वर्गात नुसता कल्ला चालला होता, त्यामुळे कुणी पाहिलं नसावं. बाई आल्या, त्यांनी फळ्याकडे बघितलं. एका मुलीच्या नावापुढे चार फुल्या होत्या. "तूच ना गं?" ती नाही नाही म्हणत रडली. मी खडू हातात धरून गप्प.

आठ दिवस ती वर्गाबाहेर उभी होती. मग तिच्या वडिलांना बोलावलं. त्यांनी चिडून तिची शाळाच सोडवली आणि तिला मामाकडे पाठवून दिलं. वर्षाच्या शेवटी उत्तम वर्तणुकीचं बक्षीस म्हणून हेच पुस्तक मला मिळालं. मी निर्लज्जासारखं ते गल्लीभर मिरवलं.

परवा अशीच एक चुकीच्या कबुलीची गोष्ट संपल्यावर वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "मावशी, डिड यू एव्हर ओन अप लाइक दॅट?" मी म्हटलं, "ऑफ कोर्स!" धडधडीत खोटं, तेही दहा वर्षांच्या पोरीशी. शाळा सुटल्यावर पार्किंगमध्ये गाडीत बसून मला रडू फुटलं. आमच्या जुन्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी त्या वर्गाबाहेर उभ्या राहिलेल्या मुलीला नुकतंच ॲड केलं होतं. मी तिला सगळं लिहिलं आणि पाठवलं कुठे, तर अख्ख्या ग्रुपवर!

धडाधड टाळ्या, फुलं, जोडलेले हात. "केवढं मोठं मन तुझं!" "म्हणूनच तुला बक्षीस मिळालं होतं!" याही वेळी कौतुक माझंच! डिलीट करणार, तेवढ्यात तिचाच फोन आला.

"जेवलीस का गं?" तिने आधी हे विचारलं. मग म्हणाली, "मी पाहिलं होतं तुला."

"मग बोलली का नाहीस?"

"चार फुल्यांवालीचं कोण ऐकणार? आणि मला वाटलं, तू सांगशील. रोज बाई बाहेर आल्या की वाटायचं, आज सांगितलं हिने."

मी हुंदके देत माफी मागितली.

"अगं, केलं माफ. पोरंच होतो आपण," ती म्हणाली. "फक्त बाबांना सांगायला हवं होतंस. गेल्या दिवाळीत गेले ते. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं, मी खोटं बोलले."