जवाईबापूंनी नीट केलेला पडदा

आता तुम्ही कॉम्प्युटरचा विषय काढलाच आहे, तर ऐका. चांगल्या चाललेल्या घरात जाऊन, कुणी सांगितलं नसताना, मी काय उद्योग करून ठेवला तो. चहा येईपर्यंत सांगून होईल. मधे हसू नका. हसण्यासारखं मला त्यात अजून काही सापडलेलं नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात. आमची सुनंदाही साक्रीजवळ तिच्या गावी गेली होती, आणि सण झाल्यावर तिला आणायला मी जळगावहून गेलो. मी एका डाळ मिलच्या ऑफिसात असतो. तिथे प्रिंटर अडला की मला हाक मारतात. का? तर माझी खुर्ची प्रिंटरला लागून आहे म्हणून. पण सासुरवाडीत त्याचा अर्थ 'जवाई कॉम्प्युटरमधले आहेत' असा झाला, आणि मी तो कधी खोडला नाही. तुम्ही खोडला असता का?

तर पुढच्या खोलीत मेहुण्याचा कॉलेजच्या वेळचा कॉम्प्युटर आहे. मेहुणा नोकरीला पुण्यात, कॉम्प्युटर गावी. त्याच्यासमोर माझे सासरे, म्हणजे नाना, बसले होते. मी मागून वाकून पाहिलं आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी इंजिनिअर नाही. तरी झाला.

पडद्यावर अक्षरं सुपारीएवढी. चित्रं आडवी ताणलेली. बातमीतला कुणी पुढारी भाकरीसारखा पसरला होता. एका ओळीत धड चार शब्द मावत नव्हते.

"नाना, याचा डिस्प्ले ड्रायव्हर गेलाय," मी म्हणालो. पडद्यावर काय आणि केवढं दाखवायचं ते कॉम्प्युटरला सांगणारा प्रोग्राम असतो तो. "बसवून देतो."

"ऱ्हाऊ द्या जवाईबापू. चांगलं दिखस."

"नाही नाही, हे चांगलं नाही."

"कसाले तरास लेतस? नको."

आता या 'नको'चं मला सांगा. त्याच दुपारी जेवताना मी ताटावर दोन्ही हात आडवे धरून 'नको' म्हणत होतो, आणि सासूबाईंनी खापरावरची पुरणपोळी माझ्या बोटांवरच वाढली होती. वर आमरस. आपल्याकडे 'नको' म्हणजे माणूस लाजतोय, असाच अर्थ घ्यायचा असतो. दोनदा 'नको' म्हणजे तर त्याला फारच हवंय. नानांनी दोनदा म्हटलं होतं. मी बाह्या सरसावल्या.

आतल्या ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीच्या वेबसाइटवर गेलो तर इतक्या जुन्या कार्डाचं नावच तिथून पुसलेलं. शेवटी कुठल्या तरी कोपऱ्यात एक ड्रायव्हर सापडला. घरातलं नेट बातम्या उघडण्यापुरतंच, एवढी फाइल त्यावर उतरेना, म्हणून गच्चीवर रेंज गाठून फोनमध्ये उतरवला. वैशाखातली दुपार, गच्ची तव्यासारखी, आणि मी अनवाणी. खाली येऊन वायरीने कॉम्प्युटरात टाकला. पडदा काळा झाला.

काळाच राहिला. घर गोळा झालं. जावयाला बोलायचं नसतं. सासूबाईंनी माझ्यासमोर सांजोऱ्यांची बशी आणून ठेवली.

"गेला का?" नानांनी हळूच विचारलं.

"आता येतो," मी म्हणालो. माझ्या पाठीवरून घाम निथळत होता. बंद केला, चालू केला, सेफ मोडमध्ये नेला, अर्धवट बसलेलं काढलं, परत बसवलं. आणि एकदम पडदा लखलखीत. पुढारी सडपातळ झाला. अक्षरं तिळाएवढी, रेखीव, अख्खं पान एका नजरेत. बाहेर उन्हं कलली होती, पण काम झालं होतं.

"बघा नाना."

नानांनी चष्मा लावला. काढला. परत लावून नाक पडद्याला टेकेल इतके वाकले. मग सरळ होऊन म्हणाले, "झकास." आणि उठून मागे गोठ्यात गेले.

मी सांजोरी खाल्ली. मला फार समाधान वाटत होतं.

थोड्या वेळाने सुनंदा आली. दार लोटून घेतलं. "काय करून ठेवलंत हे?"

"ड्रायव्हर बसवला."

"नाना चहासुद्धा घेत नाहीयेत. नुसते बैलाजवळ उभे आहेत."

मग तिने जे सांगितलं, ते मला आधी कुणी का सांगितलं नाही? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही नानांना बारीक अक्षर लागत नव्हतं. वर्षानुवर्षं पारावर बसून गावाला बातम्या सांगणारा माणूस. पेपर वाचता येईना, तसं पारावर जाणंच सोडलं. सांगायला काही नाही तर बसायचं कशाला, म्हणे. आणि हिवाळ्यात एक दिवस कॉम्प्युटर आपोआप बिघडला आणि अक्षरं एवढाली झाली. नाना पुन्हा वाचायला लागले. पुन्हा पारावर जायला लागले.

"उद्या सकाळी काय सांगतील ते?" सुनंदा म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, होता तसा बिघडवून देतो.

आणि बिघडेना हो! जो ड्रायव्हर येता येत नव्हता, तो आता जाता जाईना. मी काढायचा, कॉम्प्युटर बंद-चालू करायचा, तर पठ्ठ्या आपला परत हजर. कॉम्प्युटरने त्याची एक प्रत आत जपून ठेवली होती ना, तीच तो आपोआप परत बसवत होता. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम टिकलं होतं, आणि ते मला टिकायला नको होतं.

दिवेलागण झाली. सुनंदा मागे उभी. "अहो, फोनवर अक्षर मोठं करता येतं. यात नाही येत?"

"इतकं सोपं नसतं ते," मी म्हणालो.

तेवढंच सोपं होतं. सेटिंगमध्ये गेलो, अक्षरांचा आकार वाढवला, झालं. सुनंदाने नानांना हाताला धरून आणलं. त्यांनी एक बातमी मोठ्याने, न अडखळता वाचली. मग सासूबाईंकडे बघून म्हणाले, "चहा ठेव."

सकाळी एस.टी.साठी आम्ही निघालो. थांबा पाराशेजारीच. नाना बातम्या सांगत होते, म्हातारी मंडळी मान डोलवत होती. मला पाहून नाना थांबले आणि मोठ्या कौतुकाने म्हणाले, "हाऊ आमना जवाई. काल दुपारपासून दिवे लागेपर्यंत जेवणानंतरची झोप मोडी मेहनत करी. आमना कॉम्प्युटर जसा व्हता, तसा करी दिधा."

सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. त्यात तिरकस काही नव्हतं, हेच तर दुखणं आहे.

एक आजोबा उठून जवळ आले. माझा हात हातात घेतला.

"जवाईबापू, पुढल्या खेपेले आमनाकडे चहाले या."

"येईन की."

"या," ते म्हणाले. "फक्त घरमा टीव्ही शे. आपण बाहेर वट्टावरच बसूत."