लिंबाच्या वासाचं वाण

इथे न्यूझीलंडमध्ये, पापाकुरा या उपनगरातल्या आपल्या घरामागच्या शेडमध्ये माझा मित्र सात वर्षं गांजाच्या झाडांचे संकर करत होता, निव्वळ छंद म्हणून. लिंबासारख्या वासाचं वाण अखेर साधलं, आणि त्याच वर्षी त्याला कॅन्सर झाला. तो हॉस्पिटलात असताना आमच्याच ओळखीतल्या एकाने पाणी घालतो म्हणून शेडची किल्ली घेतली आणि सगळी झाडं उचलून नेली. मित्राला ते कळलं. "त्याला सोडू नकोस," एवढंच तो मला म्हणाला.

मित्र गेल्यावर पंधरा दिवसांनी तो माणूस माझ्याकडे आला. नेलेली झाडं जगली नव्हती. "आठवण म्हणून थोडं बी तरी दे," म्हणाला. मित्राने टाकाऊ ठरवलेल्या बियांची बाटली मी त्याला दिली, वर लिंबाच्या वाणाची चिठ्ठी चिकटवून. उन्हाळाभर त्याने ती झाडं जिवापाड जपली. इथला उन्हाळा संपता संपता, मार्चमध्ये, लँडलाइनवर त्याचा फोन आला.

"अरे, याला नुसता गवताचा वास येतोय. कसलं बी दिलंस?"

"त्याने फेकायला काढलेलं," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

खरं बी मी आधीच जाळून टाकलं होतं, त्याच्या हाती कधीच लागू नये म्हणून. मित्राची सात वर्षं त्यात जळली. तरी मला वाईट वाटत नाही.