हॉलमधला चौक

"झाडाकडे पाठ करा," सर सांगायचे, आणि चाळीस मुलं मैदानातल्या पिंपळाकडे पाठ करून पिंपळ काढायला बसायची. एखादं मान वळवू लागलं की सर म्हणत, "बघून नाय. आठवून."

असा चित्रकलेचा तास तुम्ही कधी पाहिलाय? मी दोन हजार चौदा साली साताऱ्याकडून बदली होऊन तलासरीजवळच्या त्या शाळेत मराठी शिकवायला आले. पहिल्याच आठवड्यात माझं मत झालं, की या माणसाला चित्र येत नसावं. मग मुलांचे पिंपळ पाहिले. एकाच्या झाडावर मुंगळ्यांची रांग होती, एकाच्या झाडाखाली त्याची आजी झोपली होती. माझं मत मी मुकाट्याने मागे घेतलं.

सर वारली समाजाचे, शेजारच्याच पाड्यावरचे. नोकरी तासिकेवर. म्हणजे जूनमध्ये मुख्याध्यापकांनी पत्र दिलं तर वर्षभर सर, नाही दिलं तर कोणी नाही. मे महिना संपत आला की त्यांचं बोलणं कमी व्हायचं. शिकवण्यावाचून त्यांचा जीव रमत नसे. सुट्टीतसुद्धा पाड्यावरची पोरं गोळा करून अंगणात रेघा ओढत बसत.

शाळेच्या हस्तलिखिताला चित्रं त्यांचीच. एका वर्षी मुख्याध्यापकांचा लेख होता, 'वेळेचे महत्त्व'. सरांनी शेजारी अंड्यांवर बसलेली एक खुडूक कोंबडी आणि तिच्याभोवती बसलेली सहा माणसं काढली.

"यात घड्याळ कुठंय?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"पिल्लं निघाली का वेळ झाली," सर म्हणाले.

मला हसू आवरेना. मुख्याध्यापकांना ते आवरलं.

मग शाळेला नवा हॉल झाला. उद्घाटनाला मुंबईहून पाहुणे येणार होते, आणि समोरच्या भिंतीवर चौक हवा असं ठरलं. चौक म्हणजे वारल्यांच्या घरात लग्नाला काढतात तो. नक्षीची चौकट आणि मध्ये पालघाट देवी. सरांनी भिंत शेणाने सारवली, वर गेरू दिला, तांदळाचं पीठ कालवलं आणि बांबूची काडी दातांनी चावून मऊ केली. आठ दिवसांत चौकट अशी उठली की मुलं वर्गात जायला तयार होईनात. मधली जागा मात्र त्यांनी कोरी ठेवली.

"देवी?" मुख्याध्यापक म्हणाले.

"ती नाय काढायची."

आता गंमत बघा. डहाणू रोडला एका दुकानात सरांचे कागदावरचे चौक विकायला असत, अगदी देवीसकट. मुख्याध्यापकांना ते ठाऊक होतं. दुकानात चालते आणि शाळेत चालत नाही, हा अपमान आपलाच आहे असं त्यांनी धरलं. "सोमवारी उद्घाटन आहे, तोवर पूर्ण करा, नाहीतर जूनचं जूनमध्ये बघू," म्हणाले. सरांचा चेहरा उतरला, पण काडी काही त्यांनी उचलली नाही.

मी त्यांना बाजूला घेतलं. "सर, कागदावर काढता ना?"

"कागदावर चित्र असतं, बाई. भिंतीवर देवी बसते. तिला सवाशीण काढते, पुरुष नाय."

पुढे ते आणखी काही सांगत होते. मी ऐकलं नाही, कारण मला उपाय सापडला होता. सवाशीण? अहो, मी कशाला आहे मग? पुढे पुढे करण्याचा माझा स्वभाव जुनाच. शनिवारी शाळा सुटल्यावर सर घरी गेले, तशी मी त्यांच्या एका कागदावर बघत बघत देवी भिंतीवर उतरवली. वेळ लागला, पण जमली. आपण एका माणसाची नोकरी वाचवली, या आनंदात मी तिथेच उभी होते. तेवढ्यात विसरलेली पिशवी न्यायला सर परत आले. मागे त्यांची बायको होती.

सरांनी भिंतीकडे पाहिलं, मग पिठाने माखलेल्या माझ्या हातांकडे.

"रेघ चुकली का?" मी विचारलं.

"नाय. रेघ बरोबर हाय. तीच तर अडचण हाय."

ते खालीच बसले. बायको मात्र उभी राहून हसू लागली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. ती सगळ्यांना 'तू'च म्हणायची. "तू देवी बसवली," ती मला म्हणाली, "बसली देवी लगनाबिगर ठेवता येत नाय. आता लगन लावाया लागल."

"कोणाचं?"

"आमचाच. दुसरा कोन हाय हितं?"

वीस वर्षं दोघं एकत्र राहत होती. लग्न लावायचं राहून गेलं होतं. त्यांच्यात यात वावगं काही नाही, पण आईबापांचं लागल्याशिवाय लेकीचं लागत नाही, आणि लेक लग्नाची झाली होती. सर दरवर्षी 'पुढल्या वर्षी' म्हणत.

मी म्हटलं, "पुसून टाकते मी." त्यावर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी फडकं खाली ठेवलं.

रविवारी दुपारी हॉलमध्ये लग्न लागलं. लग्नाची गाणी म्हणत लग्न लावणारी धवलेरी आली, पाड्यावरच्या बायका आल्या. किल्ली माझ्याकडे होती, दार मीच उघडलं. नवरदेव झालेले सर सारखे भिंतीकडे बघत होते. खूश होते की घाबरले होते, मला तेव्हाही कळलं नाही.

सोमवारी मुख्याध्यापकांना फरशीवर तांदूळ आणि हळद दिसली. "ही शाळा आहे की मंगल कार्यालय?" मी सगळं माझ्या अंगावर घेतलं. त्यांनी मान हलवली, पाहुण्यांना चौक दाखवला, टाळ्या घेतल्या. जूनमध्ये मला वेळापत्रक मिळालं. सरांना पत्र आलं नाही.

मी दोनदा भांडले, एकदा रडले. उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी पाड्यावर गेले. सरांची बायको दारात तांदूळ निवडत होती.

"सर?"

"घोलवडला गेला. नर्सरीची भिंत रंगवाया."

मी पायरीवर बसले. म्हटलं, "माझ्यामुळे नोकरी गेली त्यांची."

"गेली. पोरीचा लगन ठरला पन."

"रागावलेत माझ्यावर?"

तिने सूप खाली ठेवलं. "तो तुझ्यासमोर येयाचा नाय. आला तर रडल."

"कशाने? नोकरी गेली म्हणून, की लग्न झालं म्हणून?"

"माना काय ठावा?" ती म्हणाली. "त्यालाच ठावा नाय."

मी उठले. चपला घालताना पाहिलं, तर माझ्या चपलांशेजारी सरांच्या चपला होत्या. अंगठ्याला गेरू लागलेल्या, मी ओळखते त्या. तिनेही माझी नजर पाहिली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

दोन हजार एकोणीसला माझी बदली झाली, तोवर सर मला कधी समोर आले नाहीत. वाईट केलं की बरं केलं, याचा हिशेब मला अजून लागत नाही. त्या दिवशी त्यांच्या दारातून निघताना मी फक्त आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "सर, येते हं मी."

आत कोणीतरी तांब्या अलगद जमिनीवर ठेवला.