बाल्कनीतली वेदी

“लोखंड लांब,” म्हणत काकांनी माझ्या हातातली लोखंडी थापी काढून घेतली आणि काकूंचा लाकडी कालथा दिला. त्यानेच मी वेदीला गिलावा केला.

काका आमचे जर्मनीत, इंगोलश्टाटमधले शेजारी. मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मोटार कारखान्यात जन्मभर लोखंड कापलं आणि निवृत्त झाल्यावर बाल्कनीत जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरातल्या वेदीचा नमुना रचायला घेतला. त्या वेदीच्या दगडांना लोखंड लागलेलं चालत नसे. “लोखंड आयुष्य तोडतं, वेदी वाढवते,” काका सांगत.

डोनाऊ नदीकाठचे गोटे, चार कोपऱ्यांना चार दगडी शिंगं, आणि पायऱ्यांऐवजी उतार. “पायऱ्या चढताना पुजाऱ्याचा झगा वर जाईल. शोभतं का?”

बळी द्यायच्या वेदीत इतका रमलेला माणूस तुम्हाला शूर वाटेल. पण रक्त तपासायला गेले की काकांना आधी आडवं करावं लागे.

“मग वेदी कशाला, काका?”

“चुकलेला माणूस जनावराच्या डोक्यावर हात ठेवून स्वतःची चूक तोंडाने सांगायचा. तेवढं मला आवडतं. जनावर नको.”

एक दिवस इमारतीची देखभाल करणारा हाउसमायस्टर वर आला. “बाल्कनीत ग्रिल चालत नाही.”

“ग्रिल नाही, वेदी आहे.”

“तिच्यावर मांस भाजतात?”

काकांना खोटं बोलता येईना. “आल्झो... म्हणजे... पूर्वी भाजत.”

“शनिवारपर्यंत हलवा.”

“शनिवारी आमचा शब्बाथ. काम बंद.”

“मग रविवारी.”

“रविवारी तुम्ही आवाज करू देत नाही.”

हाउसमायस्टरने बराच विचार केला. “सोमवारी.”

सोमवारी काका वेदी उतरवू लागले. गोटे बादल्यांत भरताना हाउसमायस्टरने कोपऱ्यातल्या दोन भोकांवर बोट ठेवलं. “हे काय?”

“मूळ वेदीवरचं रक्त वाहून जायला. इथून खाली ओढ्यात.”

“म्हणजे निचऱ्याची सोय होती?” त्याचा चेहराच पालटला. “गेनाऊ, अगदी बरोबर. हे कुणी सांगितलंच नाही.”

वेदी अंगणात, सायकलींच्या छपराखाली पुन्हा रचली गेली. जागा त्यानेच दिली. मग येणाऱ्याजाणाऱ्याला तो निचरा समजावून सांगू लागला आणि काका शेजारी उभे राहून त्याच्या चुका दुरुस्त करू लागले.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. वसंतात एका शिंगाआड काळ्या आम्झेल पाखराने घरटं बांधलं. हाउसमायस्टरने त्या बाजूला सायकली लावायला बंदी केली. काकू रोज सकाळी खाली उतरतात, लांबूनच डोकावतात आणि पाखराशी मराठीत बोलतात.