माझी न झालेली कावीळ

आमच्या मित्रमंडळात अकरा माणसं. सगळे वर्ध्याजवळच्या सिंदी गावचे, सगळ्यांची पोटं सुटलेली, आणि अकराही जण स्वतःला मंडळाचा कणा समजणारे. त्यांतले अध्यक्ष म्हणजे जगातले एकमेव गृहस्थ, ज्यांचा माझ्या प्रत्येक शब्दावर विश्वास होता. मी बोलायला लागलो की बाकीचे एकमेकांना कोपरं मारायचे. अध्यक्ष मात्र तोंड उघडं ठेवून ऐकायचे आणि शेवटी "बापरे! मंग?" म्हणायचे. बोरच्या जंगलात अस्वलानं माझ्याकडे तंबाखू मागितली, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "चुना लावून देल्ला, का तसाच?" असा श्रोता मिळायला पुण्य लागतं. तो मी एका सकाळीत घालवला.

निमित्त झालं त्यांच्याच पन्नाशीचं. मंडळानं फळवाटप ठरवलं. आमच्याकडे वाढदिवस जरा वजनदार झाला की तो दवाखान्यात जाऊन साजरा होतो. बॅनर, फोटोवाला, आणि पलंगावरच्या पेशंटच्या हातात केळं. त्याला केळं नको असलं तरी फोटो निघेस्तोवर धरून ठेवावं लागतं. यावेळी कोणाच्या तरी डोक्यात आलं की साध्या वॉर्डात तर सगळेच वाटतात, आपण कॅन्सरच्या लेकरांना वाटू. वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात तसा वॉर्ड आहे, हे त्याला ठाऊक होतं.

मग केळी घेतली. किती घेतली म्हणाल, तर टेम्पोची मागची चाकं दबली आणि पुढची रस्त्यावरून उचलली. सेलूपर्यंत ड्रायव्हर नुसतं आभाळ बघत गाडी चालवत होता.

वॉर्डाच्या दारात सिस्टरनं आम्हाला अडवलं. अंगानं बारीक, पण दार अडवण्याची अशी काही रीत की मंडळाचा अख्खा कणा जागच्या जागी वाकला.

"फळं आत नाही नेता येत," ती म्हणाली. "या मुलांची ताकद औषधांनी उतरलेली असते. बाहेरचं काही चालत नाही. आणि अकरा माणसं तर मुळीच नाही."

"मॅडम, एक फोटो तरी?" फोटोवाल्यानं विचारलं.

"कोणाचा?"

फोटोवाल्यानं कॅमेऱ्याला झाकण लावलं. दाराला गोल काच होती. तिच्यातून एक मुलगी दिसत होती. नऊएक वर्षांची असेल. डोक्यावर केस नाहीत, एका हातानं नाकाशी कापूस धरलेला, आणि दुसऱ्या हाताचं बोट हवेत फिरवत ती आमच्या बॅनरची मागून दिसणारी उलटी अक्षरं लावायच्या खटपटीत होती. आजारी लेकराकडे पाहून माणसाचं काहीतरी व्हावं, अशी अपेक्षा असते. माझं काही झालं नाही. एवढंच वाटलं की बॅनरवर अध्यक्षांच्या नावापुढची पदवी छापखान्यानं चुकवली आहे, ती हिला आधी सापडणार.

सिस्टरनं माझी नजर पाहिली असावी. "तुम्हाला द्यायचंच असेल तर एक गोष्ट आहे," ती म्हणाली. "हिच्या प्लेटलेट खूप उतरल्यात. रक्त थांबवणारे कण असतात ना, ते. सकाळपासून नाकातून रक्त वाहतंय. देणारा ठरलेला होता, त्याला रात्रीतून ताप भरला. दुपारपर्यंत मिळायला हव्या. बी निगेटिव्ह आहे का कोणी तुमच्यात?"

आता मंडळाची जादू बघा. एकाला फोन आला, ज्याची बॅटरी सकाळीच संपली होती. दोघांना टेम्पो चुकीच्या जागी लावल्याचं आठवलं. चौघं लघवीला गेले, ते एकाच संडासात मावले कसे, हे मला आजवर कळलेलं नाही. मीही एक पाय मागे घेतला होता. तेवढ्यात अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"आपला हा हाय ना! बी निगेटिव्हच हाय हा. साठ डाव देल्लं यानं रक्त. एका डावी तं दोन हातानं दोन पेशंटले, बरोबरीनं!"

साठ हा आकडा माझाच. दोन हातांची गोष्टही माझीच. त्यात खरं एवढंच होतं की माझा गट बी निगेटिव्ह आहे. तसं माझ्या लायसन्सवर छापलेलं आहे. बाकी माझं आणि सुईचं नातं असं की शाळेत लस टोचायला माणूस आला तेव्हा मी कौलांवर चढलो, आणि मला उतरवायला गेलेल्या मास्तरांनाच दोनदा टोचून घ्यावं लागलं.

"साठ वेळा?" सिस्टरच्या चेहऱ्यावर इतका आदर मी आयुष्यात पाहिला नव्हता. "चला मग, खाली रक्तपेढीत."

अध्यक्षांना स्वतःला देता येत नव्हतं. हृदयाच्या डॉक्टरानं त्यांना रक्त पातळ करायची गोळी लावली होती आणि त्यांचा गटही वेगळा. म्हणून माझा दंड धरून, मिरवणुकीत न्यावं तसं, ते मला खाली घेऊन गेले. मागे राहिले टेम्पोभर केळी आणि फोटोवाला.

रक्तपेढीतली डॉक्टरीणबाई तरुण होती. समोर फॉर्म ठेवून एकेक प्रश्न विचारू लागली. "शेवटचं रक्तदान कधी केलं?"

मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते अभिमानानं मान हलवत होते. वरच्या मजल्यावर कापूस बदलला जात असणार. थाप मारायला हरकत काहीच नव्हती. पण ती फॉर्मवर लिहून घेणार होती, आणि माझी एकही थाप त्याआधी लिखापढीत गेलेली नव्हती.

"कधीच नाही," मी म्हणालो.

"म्हंजे या वर्षी कधीच नाई," अध्यक्षांनी सावरून घेतलं.

"आयुष्यात कधीच नाही."

अध्यक्ष हसले. त्यांना वाटलं मी विनय करतोय. बाईनं खूण केली आणि पुढे गेली. दारू, औषधं, ऑपरेशन, मलेरिया. मग विचारलं, "कावीळ?"

"नाही."

"काऊन खोटं बोलून राह्यला बे!" अध्यक्ष उभेच राहिले. "मॅडम, हा लाजून राह्यला. याले लय जब्बर कावीय झालती. दोन वर्सं झाली. अवसेच्या राती लाइन गेली, तं याच्या डोयाच्या पिवया उजेडात वहिनीनं तांदूय निवडले!"

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. कावीळ झालेल्याचं रक्त घेत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मंडळानं गावतळ्यातला गाळ उपसायचं श्रमदान ठरवलं होतं. ऐन मे महिना. प्रत्येकाच्या वाट्याला तळ्याचा एक पट्टा आखून दिला. आदल्या दिवशी मला कावीळ झाली. नुसती कावीळ सांगून भागत नाही, म्हणून तिला तांदूळ, उजेड, आणि डोळ्यांना दिवा समजून येणारे किडे असं थोडं थोडं जोडत गेलो. वर डॉक्टरानं जन्मभर फावडं उचलायची मनाई केली, हेही सांगून ठेवलं, म्हणजे पुढची सोय झाली.

"ती मी मारली होती," मी म्हणालो. "थाप."

"कोणती? तेव्हाची, का आत्ताची?" बाईनं विचारलं. प्रश्न रास्त होता. "हे बघा, तुमचं रक्त आम्ही तपासणारच आहोत. पण काही गोष्टी मशीनला कळत नाहीत, त्या माणसाला विचाराव्या लागतात. आणि माणूसच असा असेल तर मी कशावर सही करू? त्या मुलीच्या अंगात काहीही जाऊन चालत नाही. तुमच्या घरी कोण आहे?"

घरी बायको होती. बाईनं माझ्याच फोनवरून तिला लावला आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. मला बोलायची मनाई केली.

"तुमच्या मिस्टरांना कधी कावीळ झाली होती का?"

"यायले?" पलीकडून कढईचा आवाज आला, मग बंद झाला. "कावीय? नाई बा. घमेलं पाह्यलं की हे पिवये पडते, तेवढंच."

"दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात?"

"ते व्हय! ते तं तलावातल्या गायाच्या भेवानं पडून होते घरी. आठ दिसात दोन डाव मटन खाल्लं यायनं, दार लावून. वास बाहीर जाऊ नये म्हनून म्या उदबत्त्यायचा पुडा संपवला. कावीयच्या मानसाच्या पोटात मटन राह्यते का मॅडम, तुमीच सांगा. काऊन, काय झालं? आता कायचं नाटक करून राह्यले?"

"नाटक नाही. रक्त देतायत."

पलीकडे झारा कढईत पडल्याचा आवाज आला. "हे? सुई पाह्यली का त्यायनं?"

डॉक्टरीणबाईनं फोन ठेवला, तोंडावरून हात फिरवला आणि फॉर्मवर लिहिलं: नाही. मग माझ्या तपासण्या करायला घेतल्या.

अध्यक्ष मात्र हसत नव्हते. ते भिंतीशी बाकावर बसले होते, दोन्ही तळहात गुडघ्यांवर. मी जाऊन शेजारी बसलो. तपासण्यांचा निकाल यायला वेळ होता.

"तुह्या वाट्याचा गाय म्या काढला," ते खाली बघत म्हणाले. "माह्यावाला झाल्यावर. तीन दिस. मले वाटलं, बिमार मानूस हाय."

मी बाही दुमडायला लागलो, अजून कोणी बोलावलं नव्हतं तरी.

"अस्वलाचंही खोटं व्हय?"

"तंबाखूपुरतं," मी म्हणालो. "अस्वल लांबून दिसलं होतं."

त्यांनी मान हलवली. निकाल चांगले आले, आत बोलावलं, तेव्हा मी उठलो नाही. खरं सांगायचं तर दार कुठल्या बाजूला आहे, हे मी बघत होतो. अध्यक्षांनी ते पाहिलं. "हे पाह्य," ते म्हणाले, "म्या तुह्या वाट्याचं काढलं. मले हे देता येत नाई. आता तू माह्या वाट्याचं दे." आणि पुन्हा दंड धरला, यावेळी मिरवणुकीसारखा नव्हे.

सुईचं मी काय सांगू? बैलगाडीचा आस तिच्यापुढे काडी. दंडाला बांधलेल्या नळीतून रक्त मशीनमध्ये जातं, मशीन त्यातले कण काढून घेतं आणि उरलेलं रक्त परत अंगात सोडतं. असा प्रामाणिक व्यवहार मी सिंदीच्या बाजारात पाहिलेला नाही. तासाभरानं ओठांना मुंग्या आल्या. नर्सनं चघळायला गोळी दिली. वर टांगलेल्या पिशवीत पातळ पिवळं काहीतरी जमत होतं. अध्यक्ष त्या पिवळ्या रंगाकडे, मग माझ्या डोळ्यांकडे, मग परत पिशवीकडे बघत राहिले. नर्सला त्यांनी बाजूला घेऊन विचारलंच. सगळ्यांचं असंच पिवळं असतं, असं तिनं सांगितलं, तरी त्यांनी डॉक्टरीणबाईलाही विचारून घेतलं.

उठल्यावर काहीतरी खायला लागतं. अध्यक्षांनी टेम्पोतून एक केळं आणून माझ्या हातात दिलं. बाकीची केळी तोवर बाहेरच्या शेडमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांत वाटून झाली होती. फोटोवाला निघून गेला होता.

पिशवी न्यायला मुलीचा बाप आला. समुद्रपूरकडच्या एका गावात ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान असलेला माणूस. नखांत जुनं काळं ऑइल. आभार वगैरे मानायची त्याची तऱ्हा नव्हती.

"भाऊ, तुमी काय करता?" त्यानं विचारलं. "पोरगी विचारते, कोनाचं हाय म्हने. मांगचं एका कबड्डीवाल्या पोट्ट्याचं होतं, तं चार दिस पलंगावर बसून दम धरत होती. तिले वाटते, ज्याचं चढवलं त्याचं येते."

अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. मी खूप विचार केला. "सांगा," मी म्हणालो, "दुकान आहे. भुसार मालाचं." तेही खरंच आहे.

संध्याकाळी सिस्टरनं अध्यक्षांना फोन करून कळवलं की नाकातलं रक्त थांबलं. अध्यक्षांनी ते मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, दुकानाच्या पायरीवर उभं राहून, आणि आत न येता गेले. त्यानंतर कट्ट्यावर मी तोंड उघडलं की ते चष्मा पुसू लागायचे. "मंग?" कोणी म्हणायचं नाही. "मंग?" न म्हणणाऱ्या माणसांपुढे गोष्ट रचणं म्हणजे दगडाला घास भरवणं. मी चक्क गप्प राहू लागलो. बायकोनं डॉक्टरला दाखवून घ्या म्हटलं.

काही आठवड्यांनी वॉर्डातून पुन्हा बोलावणं आलं. सुई आठवून मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पण अध्यक्ष मोटारसायकल घेऊन दारात हजर. माझ्यावर लक्ष ठेवायला येतो म्हणाले. फॉर्मच्या प्रत्येक प्रश्नाला ते माझ्याकडे बघायचे आणि मी उत्तर दिलं की डॉक्टरीणबाईचं पेन हलू द्यायचे.

पिशवी भरली तसा बाप आला. यावेळी तो जरा रागात दिसला.

"भाऊ, तुमी खरंच भुसारचं दुकान करता?"

"हो. का?"

"तुमचं चढवलं तवापासून पोरगी लय फेकून राह्यली!" तो म्हणाला. "अख्ख्या वॉर्डाले सांगते, माहे केस गयले नाई, चिमण्यायनं नेले म्हने. खिडकीतून येत आन एकएक केस नेत. दवाखान्यातल्या लिंबावरचे सारे खोपे माह्याच केसायचे हाय, आन एका खोप्यात अजून माही रिबन हाय म्हने. बाकीचे लेकरं आता खिडकीपासून हटत नाई. सिस्टर माह्यावर चिडते."

मी पडल्या पडल्या छताकडे बघितलं. रिबन मला सुचली नसती.

"बापरे," अध्यक्ष म्हणाले. "मंग?"

"मंग काय? उद्या आनखी काही सांगन."

तिचा इलाज अजून चालू आहे. लांबचा आहे, असं बाप सांगतो. मला बोलावतात तेव्हा मी जातो, आणि सुई अजूनही तेवढीच मोठी आहे.

त्या दुसऱ्या खेपेला केळं खाऊन मी बाहेर आलो, तर मोटारसायकलीपाशी अध्यक्ष नव्हते. दवाखान्याच्या आवारातल्या मोठ्या कडूलिंबाखाली ते उभे होते, मान पार मागे टाकून, कपाळावर हाताचा आडोसा धरून.

"कोनत्या रंगाची रिबन म्हने तिनं?" त्यांनी वर बघतच विचारलं.