कोपऱ्यावरच्या वहिनीची जागा

मार्गशीर्षातला सोमवार, साल १९५४. ठिकाण फुलचूर, आमची ओसरी. हजर: माझी सासू, समोरची काकू, विहिरीजवळची मावशी आणि मी. गैरहजर: कोपऱ्यावरची वहिनी.

आम्ही पाचही जणी गोंदियाच्या एका ठेकेदाराच्या विड्या वळायचो. वहिनी विधवा, घर तिच्याच हातांवर चाले. त्या आठवड्यात तिच्या सासूला लकवा झाला. म्हातारीला कुशीवर वळवणं, भरवणं, धुणंपुसणं यातच वहिनीचा दिवस जाई. आठवडाभर माल आला नाही, की ठेकेदार तेंदूपानं दुसरीला देई. गेलेली जागा परत मिळत नसे.

आम्ही ठरवलं, प्रत्येकीने तिच्यासाठी दोन कट्टे, म्हणजे धाग्याने बांधलेल्या विड्यांच्या दोन जुड्या, वळायचे. मंगळवारी ते मीच नेले. माल तपासणाऱ्या ठेकेदाराच्या मुन्शीने एक कट्टा सोडला, चार विड्या बोटांत फिरवल्या आणि हसला.

"काऊन बाई, तुमच्या वहिनीले किती हात आहेत? या विडीचं तोंड तुझ्या सासूनं मोडलं. हा ढिला धागा तुझा. शनिवारपर्यंत तिच्या हातचा माल आन, नाही तं पानं दुसरीले देतो."

घरी सासू माझ्यावरच उखडली. "कधीची सांगून राहिली मी तुले, धागा आवळ म्हणून!"

मावशी म्हणाली, "विड्या तिच्या तिलेच वळू द्या. म्हातारीले आपण पाहू."

मी लगेच कोळशाने भिंतीवर पाळ्या लिहिल्या. सकाळची आंघोळ काकू, जेवण सासू, दुपार मावशी, संध्याकाळ मी. वहिनी पानं-तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन दाराशी विड्या वळत बसली. म्हातारीचं अर्धं अंग गेलं होतं, जीभ शाबूत होती. माझ्या पहिल्याच पाळीला म्हणाली, "थंडे हात तुये. चुलीवर शेकून ये." शेकून आले.

शनिवारी वहिनी स्वतः माल घेऊन गेली. मी सोबत होते. मुन्शीने दोन कट्टे सोडून पाहिले आणि नवी पानं तिच्यापुढे सरकवली.

म्हातारी पुढे दोन वर्षं जगली. एकही पाळी चुकली नाही, तिच्या पाठीला एकही जखम झाली नाही आणि वहिनीची जागा कायम राहिली. हे मी मान वर करून सांगते.

पाळ्या लावणं तेव्हापासून माझ्याकडेच आहे. सध्या काकूच अंथरुणावर आहे. रविवारची दुपार रिकामी आहे. ती गल्लीतल्या एखाद्या पुरुषाने घ्यावी, असं मी ठरवलंय. सात घरी विचारून झालं. अजून कोणी हो म्हटलेलं नाही.